नवं क्रोम एका पावसाळ्यात का खराब होतं? जुन्या गाडीचे भाग पुन्हा प्लेटिंगला देण्याआधीच्या तपासण्या

जुन्या फियाटचा किंवा अँबॅसॅडरचा बंपर प्लेटिंग करून, म्हणजे द्रावणाच्या टाकीत विजेने धातूचे पातळ थर चढवून आणला, दिवाळीत गाडी झगमगली आणि पुढचा श्रावण संपेपर्यंत बंपरवर तांबडे ठिपके उमटले. जुन्या गाड्यांच्या कामात माझ्यासमोर सगळ्यात जास्त वेळा आलेली तक्रार हीच आहे. मुंबई, अलिबाग, रत्नागिरी, गोवा या पट्ट्यातल्या गाड्यांना हा त्रास लवकर होतो. पुणे-नाशिककडे थोडा उशिरा होतो, पण होतो. मालक तोच बंपर उचलून पुन्हा त्याच ठिकाणी देतो, पैसे पुन्हा जातात आणि वर्षभराने ठिपके पुन्हा हजर होतात.

कारण बहुतेक वेळा क्रोममध्ये नसतंच. डोळ्यांना दिसतो तो क्रोमचा थर साधारण ०.३ मायक्रॉन, म्हणजे एका मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्याही तिसऱ्या हिश्शाएवढा असतो. त्यात मुळातच अतिसूक्ष्म भेगा असतात. त्याचं काम ओरखड्यांपासून वाचवणं आणि ती निळसर झाक देणं एवढंच. पाणी अडवतं ते त्याच्या खालचं निकल. निकलखाली तांबं, तांब्याखाली मूळ धातू, आणि तो धातू किती नीट घासला आहे यावर वरचं सगळं टिकतं. म्हणून ‘क्रोम चांगलं मारा’ असं सांगून काहीच साधत नाही. बिघाड कोणत्या थरात झाला ते आधी शोधायचं, मग पैसे काढायचे.

आधी लक्षणं पाहा

भाग सावलीत, दिवसाच्या उजेडात पाहा. ट्यूबलाइटखाली अर्धे दोष दिसत नाहीत.

डागाचा रंग बरंच सांगून जातो. तांबडा-तपकिरी ठिपका म्हणजे पाणी पोलादापर्यंत पोचलं आहे. पांढरी भुकटी किंवा पांढरट फोड म्हणजे खाली जस्ताचा ओतीव भाग आहे आणि तो आतून खाल्ला जातोय. दरवाज्याच्या मुठी, बोनेटवरची अक्षरं, टेललाइटच्या चौकटी अशा नक्षीदार भागांवर हे दिसतं. हिरवट डाग दिसला तर तांब्याचा थर उघडा पडला आहे किंवा भागच पितळेचा आहे. कोमट पिवळसर झाक दिसली तर क्रोम गेलं आहे, किंवा तिथे कधी बसलंच नव्हतं, आणि निकल उघडं आहे.

मग डागाचा आकार पाहा. टाचणीच्या टोकाएवढे विखुरलेले ठिपके, पापुद्रे सुटणं, फुगलेले फोड, कडांवर राखाडी करपल्यासारखा पट्टा आणि सांध्यातून उतरलेला तपकिरी ओघळ ही पाच वेगळी दुखणी आहेत. एकाच बंपरवर दोन-तीन एकत्र असू शकतात. मोबाइलवर जवळून फोटो काढून ठेवा. पुढे प्लेटिंगवाल्याशी बोलताना त्यांचा फार उपयोग होतो.

१. धुवा, पुसा आणि ॲल्युमिनियमची फॉइल घ्या

खर्च जवळजवळ शून्य. साध्या साबणाच्या पाण्याने भाग धुवा, कोरडा करा. मग पोळ्या गुंडाळायच्या फॉइलचा बोळा पाण्यात बुडवून डागावर हलक्या हाताने घासा. ॲल्युमिनियम क्रोमपेक्षा खूप मऊ असल्याने ओरखडा पडत नाही, पण वर साचलेला गंज निघतो.

खालचा पृष्ठभाग गुळगुळीत आणि चकचकीत निघाला तर तो गंज दुसरीकडून वाहत आला होता, प्लेटिंग शाबूत आहे. डाग निघून मध्ये काळसर छिद्र उरलं तर निकल पार झालं आहे. अशी छिद्रं मोजकी असतील तर मेणाचं पॉलिश नियमित लावून गाडी आणखी काही वर्षं काढता येते. पूर्ण काम लगेच करायची गरज नाही.

इथेच एक विनवणी. फरशी आणि संडास साफ करायचं ॲसिड क्रोमवर कधीही लावू नका. त्यात हायड्रोक्लोरिक आम्ल असतं आणि क्रोम त्यात विरघळतं. प्लेटिंगच्या कारखान्यात जुनं क्रोम उतरवायलाही तेच वापरतात. तांब्या-पितळेची भांडी घासायच्या पावडरीही टाळा. त्यातली आम्लं आणि खरखरीत कण दोन्ही त्या ०.३ मायक्रॉनच्या थराला सोसत नाहीत.

२. ओघळ कुठून सुरू होतो?

बंपरच्या बोल्टची गोल टोपी बघा. बोल्ट साधा पोलादी असतो, टोपीवर नावापुरती प्लेटिंग असते. गंज तिथून सुटतो, पावसाच्या पाण्याबरोबर बंपरवर उतरतो आणि दोष बंपरच्या माथी येतो. बोल्ट काढून तेवढेच बदलले की प्रश्न मिटल्याची उदाहरणं भरपूर आहेत.

बंपरवरचे उभे ओव्हररायडर जिथे टेकतात तिथलं रबर काढून पाहा. रबर कडक होऊन फाटलं असेल तर आत पाणी आणि चिखल साचून राहतो. समुद्राजवळच्या गाडीत त्यात मीठही असतं. दुमडलेल्या कडेतून किंवा दोन पत्र्यांच्या सांध्यातून, प्लेटिंगनंतर थोड्याच आठवड्यांत ओघळ येऊ लागला असेल, तर कारण वेगळं: टाकीतलं आम्ल सांध्यात अडकलं आणि ते हळूहळू पाझरतंय. त्यावर खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात भाग भिजवून, सांध्यात ते पाणी पिचकारीने मारून, भरपूर स्वच्छ पाण्याने धुऊन उन्हात पूर्ण वाळवा. लवकर लक्षात आलं तर भाग वाचतो.

३. हा भाग मुळात क्रोमचा आहे का?

हा प्रश्न कुणी विचारत नाही आणि त्यापायी चांगले भाग बिघडतात. जुन्या गाड्यांच्या बाजूच्या पट्ट्या, काचेभोवतीची बीडिंग, पायदानाजवळच्या पट्ट्या बऱ्याचदा स्टेनलेस स्टीलच्या किंवा ॲल्युमिनियमच्या असतात. त्यांना प्लेटिंग लागत नाही. चांगल्या बफिंगवाल्याकडे दिल्या की त्या नव्यासारख्या होतात आणि खर्चही खूप कमी येतो.

पट्टीची मागची बाजू बघा. स्टेनलेसची पाठही गंजरहित असते आणि न दिसणाऱ्या जागी पॉलिश पेपर फिरवला तर आतपर्यंत एकच रंग राहतो, थर दिसत नाही. चुंबकावर इथे विसंबू नका. शोभेच्या पट्ट्यांसाठी वापरलं जाणारं ४३० प्रतीचं स्टेनलेस चुंबकाला चिकटतं.

गाडी फार जुनी, १९२० च्या दशकातली असेल तर आणखी एक गोष्ट. मोटारींवर क्रोम रुळलं ते त्या दशकाच्या अखेरीपासून. त्याआधीच्या गाड्यांचे दिवे आणि रेडिएटर निकलचे असत, त्यांची झाक उबदार असते. अशा गाडीवर क्रोम चढवलं तर मूळ रूपच जातं. तिथे निकल आणि पॉलिशवर थांबायचं.

हेडलाइटच्या आतली वाटी म्हणजे रिफ्लेक्टर, तीही क्रोमला देऊ नका. क्रोम पडलेल्या प्रकाशापैकी साधारण दोन-तृतीयांशच परत फेकतं. चांदी किंवा ॲल्युमिनियमचा थर बराच जास्त फेकतो. क्रोमचा रिफ्लेक्टर दिसायला छान असतो, पण रात्री घाटात रस्ता दिसत नाही. रिफ्लेक्टरला निर्वातात ॲल्युमिनियमचा थर देणारे वेगळे कारागीर असतात, त्यांच्याकडे जा.

४. खालचा धातू ओळखा

पुढच्या प्रत्येक निर्णयाला हे माहीत असणं लागतं. चुंबक जोरात चिकटला तर पोलाद. बंपर, व्हीलकॅप, ओव्हररायडर सहसा याच गटात येतात. चुंबक अगदी हलका ओढला गेला तर गोंधळू नका. निकलचा थर स्वतः चुंबकीय असतो, त्यामुळे जस्त किंवा पितळेवरही किंचित ओढ जाणवते.

आता आतल्या बाजूला, बोल्टच्या भोकाजवळ पॉलिश पेपरने थोडं खरवडा. पिवळा धातू दिसला तर पितळ, आणि मग तुम्ही नशीबवान आहात. पितळेचा भाग जवळजवळ नेहमी वाचतो. राखाडी-पांढरा आणि हाताला जड लागला तर जस्ताचा डायकास्ट, म्हणजे साच्यात ओतलेला भाग. राखाडी-पांढरा पण हलका असेल तर ॲल्युमिनियम.

देताना प्रत्येक भागाला त्याच्या धातूच्या नावाची पट्टी तारेने बांधा आणि कामगाराला तोंडीही सांगा. पोलादाच्या ढिगात चुकून गेलेली जस्ताची मूठ आम्लाच्या टाकीत पडली, तर फार थोड्या वेळात तिची चाळण होते. पद्मिनीच्या मुठी आता मुंबईत चोर बाजारात किंवा कुर्ल्यात शोधूनही सुस्थितीत मिळतीलच असं नाही.

५. पापुद्रा सुटला असेल तर त्याची दोन्ही अंगं बघा

या तपासणीवर मी सगळ्यात जास्त विश्वास ठेवतो. लागतो फक्त एक भिंग. सुटलेला तुकडा फेकू नका. डब्यात जपून ठेवा.

पापुद्र्याखाली उघडं पोलाद दिसतंय आणि तुकड्याची मागची बाजू तांबूस किंवा निकलच्या रंगाची आहे: पहिल्याच थराने धातू धरला नव्हता. कारणं दोन. एक, भागावर तेल किंवा पॉलिशचं मेण राहिलं. दुसरं कारण जास्त वेळा सापडतं. पोलाद थेट आम्लाच्या तांब्याच्या टाकीत बुडवलं गेलं. मोरचुदाच्या त्या द्रावणात पोलाद नुसतं धरलं तरी त्यावर तांबं आपोआप बसतं, वीज लागत नाही, पण ते भुकटीसारखं सैल असतं आणि वरचे सगळे थर त्या भुकटीवर उभे राहतात. त्यासाठी आधी अल्कली तांब्याचा किंवा निकलचा पातळ पायाभूत थर देणं भाग असतं.

खाली चमकदार तांबं दिसलं तर निकल तांब्यावरून सुटलं. बफिंग केलेल्या तांब्यावरचं मेण नीट न धुता भाग पुढच्या टाकीत गेला.

खाली चमकदार निकल आणि वरून निघालेलंही निकलच: म्हणजे जुन्या निकलवर नवं चढवलं, किंवा मध्येच वीज गेली आणि पुन्हा सुरू केली. हवा लागली की निकलवर अदृश्य पापुद्रा धरतो आणि त्यावर नवा थर चिकटत नाही. जुन्या गाड्यांच्या कामात हा दोष सर्रास सापडतो, कारण जुनं निकल पूर्ण उतरवायला वेळ लागतो आणि ‘वरून घासून मारून देतो’ हे स्वस्त पडतं. जुनं क्रोम आणि जुनं निकल दोन्ही मूळ धातूपर्यंत उतरवूनच काम करायचं, हे बिलावर लिहून घ्या.

६. पिवळेपणा उंचवट्यावर आहे की खाचेत?

ग्रिलच्या खोल खाचांत, अक्षरांच्या कोपऱ्यांत पिवळसर निकल दिसत असेल तर क्रोम तिथे पोचलंच नव्हतं. क्रोमची टाकी खाचेत थर टाकण्यात फार कमकुवत असते. वीज टोकांकडे आणि कडांकडे धावते, खाच उपाशी राहते. चांगला कारागीर अशा भागासाठी खाचेत शिरेल असा जादा ॲनोड, म्हणजे टाकीत वीज सोडणारा धातूचा तुकडा, वाकवून बनवतो. उलट बाहेर आलेल्या टोकांवर राखाडी, खरखरीत पट्टा असेल तर तिथे वीज जास्त झाली आणि क्रोम करपलं.

पिवळेपणा फक्त उंचवट्यांवर, जिथे हात आणि फडकं सारखं फिरतं तिथे असेल तर प्लेटिंगवाल्याचा दोष नाही. दर सर्व्हिसिंगला रबिंग कंपाउंड लावून मशीनने घासल्यामुळे क्रोम झिजून गेलं आहे. क्रोमला कंपाउंड लागत नाही. पाणी, मऊ कापड आणि मेण पुरतं.

दोन भागांच्या रंगात फरक दिसतोय, एक निळसर आणि एक किंचित धुरकट? तर एकाचं काम षट्संयुजी क्रोमच्या टाकीत आणि दुसऱ्याचं त्रिसंयुजी क्रोमच्या टाकीत (ही क्रोमच्या द्रावणाची दोन वेगळी रासायनिक रूपं) झालं असण्याची शक्यता मोठी आहे. दोन्ही टिकाऊ असू शकतात, पण शेजारी लावले की डोळ्यांत भरतं. पुढचा आणि मागचा बंपर, ग्रिल आणि हेडलाइटच्या कड्या एकाच ठिकाणी, एकाच खेपेला द्या.

७. बंपर उलटा करा

पुढून चकचकीत बंपर मागून उघडा असतो. प्लेटिंगचा थर मागच्या पोकळ बाजूला जेमतेम बसतो. चाकाने उडवलेला चिखल तिथेच साचतो, गंज मागून सुरू होतो, कड ओलांडून पुढे येतो आणि मग क्रोम उचललं जातं. कडेलगतचा गंज मागूनच आला आहे का, हे इथे कळतं.

मागची बाजू खरवडून, इपॉक्सी प्रायमरचे दोन हात आणि वर रंग, सांध्यांत गंजरोधक मेण, एवढं कुणीही घरी करू शकतं. नव्या प्लेटिंगच्या बंपरला हे गाडीवर बसवण्याआधीच करा. पाणी निघायची भोकं चिखलाने बुजली असतील तर मोकळी करा. गाडी प्लॅस्टिकच्या ताडपत्रीखाली महिनोन्‌महिने ठेवू नका. आत दमट हवा कोंडते आणि रात्री त्याच थंड बंपरवर दव धरतं.

८. प्लेटिंगवाल्याला मिनिटं विचारा

इथून पुढे खर्च सुरू होतो. नवं काम देण्याआधी त्या कारखान्यात स्वतः जा. आधी खात्री करा की तिथे शोभेचं क्रोम होतं. भोसरीसारख्या औद्योगिक भागात हार्ड क्रोमचे कारखाने असतात, ते हायड्रॉलिकच्या दांड्या आणि साचे करतात. कामं चोख असतात, पण बंपरसाठी ती जागा नव्हे.

मग एकच प्रश्न: निकलच्या टाकीत भाग किती मिनिटं राहतो आणि वीज किती?

यामागे साधा हिशेब आहे. दर चौरस डेसिमीटरला (१० बाय १० सेंटिमीटरला) १ अँपिअर वीज दिली तर निकल मिनिटाला सुमारे ०.२ मायक्रॉन बसतं. ४ अँपिअरला सुमारे ०.८ मायक्रॉन. उघड्यावर राहणाऱ्या बंपरला किमान ३० मायक्रॉन निकल हवं, कोकण किनाऱ्यावर ४० च्या जवळ. म्हणजे ४ अँपिअरला साधारण ४० ते ५० मिनिटं. ‘दहा मिनिटांत होतं’ असं उत्तर आलं तर निकल ८ मायक्रॉनच्या आसपास बसणार. असा भाग दुकानात नवाकोरा दिसतो आणि एका पावसाळ्यात ठिपके धरतो. खाचेत तर सरासरीपेक्षाही कमी बसतं, हे लक्षात ठेवा.

निकल पोलादापेक्षा कमी गंजणारा धातू आहे, म्हणून पातळ थर जास्त घातक. जस्ताचा मुलामा दिलेल्या पत्र्यावर ओरखडा पडला तर जस्त आधी झिजतं आणि पोलाद वाचतं. निकलचं उलट: छिद्र पडलं की सगळा मारा त्या टिचभर उघड्या पोलादावर होतो आणि गंज खोल शिरतो.

दुसरं विचारायचं ते दुहेरी निकलबद्दल. आधी अर्धचमकदार, गंधकविरहित निकल आणि त्यावर चमकदार निकल. वरचा थर आधी झिजतो, त्यामुळे गंज खाली पोचण्याऐवजी आडवा पसरतो. प्रत्येक ठिकाणी ही सोय नसते. असेल तर थोडे जास्त पैसे द्या, हा खर्च वसूल होतो. पोलादी बंपरवर तांबं देणार की ‘डायरेक्ट निकल’, हेही स्पष्ट करून घ्या. जुन्या, खड्डे पडलेल्या पोलादाला तांबं हवंच. ते बारीक ओरखडे भरून काढतं आणि ते घासून पुन्हा समतल करता येतं.

पेंटरकडचं जाडी मोजायचं यंत्र इथे चालवू नका. ते चुंबकीय पद्धतीने मोजतं आणि निकल चुंबकीय असल्याने आकडा चुकीचा येतो.

९. सोबत एक पट्टी करून घ्या

तुमच्या बंपरबरोबर त्याच रॅकवर बोटभर रुंदीची पोलादी पट्टी लावायला सांगा. चांगला माणूस याला नाही म्हणत नाही.

पट्टी आल्यावर व्हाइसमध्ये धरून दुमडा, परत सरळ करा, तुटेपर्यंत. थराला भेगा पडतील, ते चालतं. पापुद्रा सुटता कामा नये. कडेला कानस फिरवा, थर उचलला जाऊ नये. उरलेल्या तुकड्यावर मिठाच्या पाण्यात भिजवलेला टिपकागद रात्रभर ठेवा. १०० मिली पाण्यात ५ ग्रॅम मीठ पुरे. सकाळी तांबडे ठिपके दिसले तर थराला छिद्रं आहेत. हा प्रयोग पट्टीवरच करा, बंपरवर नाही.

१०. खरं काम: उतरवणं, दुरुस्ती, घासणं

खर्चाचा मोठा वाटा इथे जातो आणि जायलाच हवा. चोख केलेल्या जुन्या बंपरच्या बिलात प्लेटिंगपेक्षा मजुरी जास्त असते. घासाघीस करताना नेमकी हीच मजुरी कापली जाते.

पोक आणि वाकलेल्या कडा डेंटरकडून प्लेटिंगआधी काढा. भोक पडलं असेल तर वेल्डिंग करून सपाट घासा. लांबी किंवा कुठलीही पुट्टी क्रोमखाली चालत नाही. तिच्यातून वीज वाहत नाही, त्यामुळे तिच्यावर थर बसतच नाही. दुरुस्त केलेला उघडा बंपर एकदा गाडीवर लावून पाहा. प्लेटिंगनंतर वाकवला तर थर तडकतो.

बारीक गंजखड्डे राहिले तर ते आरपार घासून काढायचे किंवा तांब्याने भरायचे: तांबं चढवा, पेपर मारा, पुन्हा तांबं, पुन्हा पेपर, खड्डा नाहीसा होईपर्यंत. खड्ड्याच्या तळाशी गंजाचा कण राहिला तर सगळी मेहनत त्या कणावर बसते आणि ठिपका नेमका तिथेच परत येतो.

बफिंगवाल्याला अक्षरं आणि धारदार रेषा दाखवून सांगा की इथे हात हलका ठेवा. बोनेटवरचं नाव जास्त घासलं की अक्षरं गोल होतात, भोकं लांबोळी होतात, आणि ते परत येत नाही. भाग देताना मोजून, फोटो काढून, यादीवर सही घेऊन द्या. छोटे स्क्रू आणि क्लिपा टाकीच्या तळाशी गेल्या की सापडत नाहीत.

११. जस्ताचे ओतीव भाग

यांच्याबद्दल वेगळं सांगायला हवं, कारण पोलादाचा कुठलाही नियम इथे लागू होत नाही. जस्त, सुमारे ४ टक्के ॲल्युमिनियम आणि थोड्या इतर धातूंचं हे मिश्रण ३८० अंशांच्या आसपास वितळतं. पितळी झाळ द्यायला गेलात तर भाग हातातच ओघळेल. ओततानाच आत हवेचे बारीक पोकळ कप्पे राहिलेले असतात. वरची गुळगुळीत साल घासून गेली की ते उघडे पडतात, त्यात आम्ल आणि पाणी शिरतं, आणि गाडी मे महिन्याच्या उन्हात तापली की फोड येतात.

उपाय आहे, पण चिकाटीचा. प्रत्येक पांढरा खड्डा बारीक ड्रिलने चकचकीत धातू दिसेपर्यंत साफ करायचा. मग तांब्याचा पायाभूत थर, खड्डे कमी तापमानाच्या झाळीने भरायचे, घासायचे, आणि मग पुन्हा तांबं. जस्तासाठी हा पहिला थर परंपरेने सायनाइडच्या तांब्याच्या टाकीत देतात, कारण आम्ली टाकी जस्ताला खाते. ज्याच्याकडे जस्ताचं काम रोज होतं त्याच्याकडेच द्या. ‘करून बघतो’ म्हणणाऱ्याकडे मूळ भाग देऊ नका.

इथे थांबा आणि जाणकाराकडे जा

घरी क्रोम प्लेटिंग करू नका. क्रोमिक आम्लाची षट्संयुजी वाफ कर्करोगकारक आहे आणि टाकीतून उडणारे तुषार श्वासातून जातात. सायनाइडच्या द्रावणात आम्लाचा थोडा भाग मिसळला तरी प्राणघातक वायू सुटतो. बादलीत, गॅरेजमध्ये, उघड्या मोरीत हे काम करण्यासारखं नाही. तिथलं सांडपाणी थेट नाल्यात गेलं तर ते कुणाच्या तरी विहिरीत उतरतं. ज्या कारखान्याकडे महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती आणि सांडपाणी शुद्ध करायची सोय आहे, तिथेच काम द्या. भाव थोडा जास्त पडतो, आणि टाक्या नियमित तपासणारा माणूसही सहसा तिथेच भेटतो.

स्टिअरिंगचे दांडे, सस्पेन्शनचे भाग, स्प्रिंगा आणि उच्च ताणाचे बोल्ट शोभेसाठी क्रोम करून घेऊ नका. आम्लात आणि टाकीत सुटणारा हायड्रोजन कठीण पोलादात शिरतो आणि ते ठिसूळ होतं. भाग बाहेरून सुंदर दिसतो आणि चालत्या गाडीत अचानक तुटतो. असा भाग मूळचाच प्लेटिंगचा असेल तर प्लेटिंगनंतर काही तासांतच १९० ते २२० अंशांना तो भट्टीत ठेवण्याची सोय आणि त्याची माहिती असलेल्या कारखान्याशिवाय कुणाकडे देऊ नका.

पोलादी बंपरचा पत्रा कडेला अंगठ्याने दाबला तर लवतोय, किंवा जुनं निकल उतरवल्यावर भोकांची रांग दिसली, तर काम तिथेच थांबवा आणि शीटमेटलचं काम करणाऱ्या कारागिराला दाखवा. कडेची पट्टी कापून नवा पत्रा जोडता येतो. जस्ताच्या भागात खड्डे आरपार गेले असतील किंवा स्क्रू बसायचे खुंट मोडले असतील, तर प्लेटिंगवर आणखी पैसे घालू नका. दुसरा भाग शोधा, आणि तो सापडेपर्यंत जुना भाग नमुना म्हणून जपून ठेवा. त्याच्यावरून पितळेत नवा ओतून घेता येतो, आणि पितळेवर हीच प्लेटिंग निमूट बसते.